गावाचं नाव कुठल्या रकान्यात?

आज आम्ही कम्प्युटरच्या प्रोग्रामचा इतिहास सांगणार आहोत. विषय ऐकून रेडिओचा कान पिळू नका. गोष्ट आमच्या धायरीतूनच सुरू होते, आणि ती पैशांची आहे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये अकरा गावं पुणे महानगरपालिकेत आली. त्यांत धायरीही होती. ग्रामपंचायत गेली, पाटी बदलली. गटाच्या बैठकीत कुणी म्हणालं पाणी येईल, कुणी म्हणालं घरपट्टी वाढेल. कर्जाच्या अर्जाचं काय होईल, हे मात्र कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

आमच्या एका गटाला दिवाळीच्या फराळासाठी कर्ज हवं होतं. बारा जणी, बचत नियमित, परतफेड चोख, वही पूर्ण. अर्ज कम्प्युटरवर भरायचा होता. जिल्हा पुणे, तालुका हवेली, इथवर ठीक. पुढचा रकाना ग्रामपंचायतीचा. यादी उघडली तर धायरीचं नावच नाही. रकाना रिकामा सोडला तर पुढचं पान उघडेना. शहराच्या यादीत गेलो, तर तिथं प्रभागाचा क्रमांक मागितला आणि गटाचा जुना नोंदणी क्रमांक घेईना. समोरचा मुलगा एवढंच म्हणायचा, "ताई, सिस्टीम घेत नाही." आमच्यातल्या एक काकू त्याला म्हणाल्या, "अरे बाळा, गाव तर तिथंच आहे. धारेश्वराचं देऊळ हललं का?"

ती प्रणाली कुणाची होती ते सोडून द्या. दिवाळी गेली, फराळाची ऑर्डर गेली, एवढं खरं.

गटातल्या एकीची मुलगी आयटी कंपनीत आहे. तिला आम्ही विचारलं, यादीत एक नाव घालायला एवढा वेळ का लागतो? ती हसली. म्हणाली, "मावशी, नाव घालणं दोन मिनिटांचं काम आहे. पण प्रोग्राम जुना असतो. ज्यांनी लिहिला ते नोकरी सोडून गेलेले असतात. एका ठिकाणी हात लावला तर दुसरीकडे काय बिघडेल, याची सगळ्यांना भीती असते. आमच्याकडे निम्मा वेळ नवं लिहिण्यात जात नाही, जुनं समजून घेण्यात जातो."

हे आमच्या मनात राहिलं. बी.ए.ला आमचा विषय इतिहास होता, त्यामुळे मागं जाऊन शोधायची खोड आहेच. शोधता शोधता कळलं की या एकाच प्रश्नावर जगातल्या विद्यापीठांमध्ये पन्नास वर्षांहून जास्त काळ अभ्यास चालू आहे. जुना प्रोग्राम बदलत्या जगाबरोबर कसा बदलायचा, हा तो प्रश्न. त्यातलं बरंच काम आपल्या पुण्यात आणि मुंबईत झालं आहे.

आधी प्रोग्राम म्हणजे काय ते सांगतो. कम्प्युटरला लिहून दिलेल्या सूचनांची यादी म्हणजे प्रोग्राम. यंत्राला कळतात फक्त आकडे, आणि आकड्यांत सूचना लिहिणं माणसाला फार किचकट. म्हणून मधली भाषा लागते. माणसानं त्या भाषेत लिहायचं आणि त्याचं यंत्राच्या आकड्यांत भाषांतर करायला एक दुभाषा ठेवायचा. हा दुभाषाही प्रोग्रामच असतो, त्याला कंपायलर म्हणतात. अमेरिकेत १९५२ मध्ये असा एक सुरुवातीचा दुभाषा तयार करणारी बाई होती, ग्रेस हॉपर. गणिताची प्राध्यापिका, नौदलातली अधिकारी. कम्प्युटर फक्त गणितं करतो, तो भाषांतर कसं करेल, असं तेव्हा लोक तिला म्हणत. पुढे १९५९ मध्ये व्यापार आणि हिशोबासाठी कोबोल नावाची भाषा तयार झाली, तिचा बराचसा पाया हॉपरबाईंच्या आधीच्या भाषेचा होता. कोबोलचा आराखडा करणाऱ्या सहा जणांत जीन सॅमेट आणि गर्ट्रूड टियर्नी या दोन बायका होत्या. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण मुलीला कम्प्युटरचं शिकवायचं म्हटलं की आजही घरात कुणीतरी नाक मुरडतंच.

त्या काळी माहिती पुठ्ठ्याच्या कार्डावर भोकं पाडून साठवत. एका कार्डावर ऐंशी उभे रकाने, एका रकान्यात एक अक्षर किंवा एक आकडा. नाव, पत्ता, रक्कम, तारीख, सगळं ऐंशीत बसवायचं. आपण हजेरीच्या वहीत जागा पुरावी म्हणून "सौ." गाळतो, तसं त्यांनी सालातला १९ गाळला. १९६५ ऐवजी नुसतं ६५. दोन रकाने वाचले. तेव्हा त्यात चूक काहीच नव्हती. हे प्रोग्राम २००० सालापर्यंत चालतील असं कुणाला वाटलं होतं!

पण ते चालले. प्रोग्राम पाट्यासारखा झिजत नाही, की लाकडासारखा किडत नाही. पाच हजार वेळा चालवला तरी पहिल्या दिवशी होता तसाच राहतो. मग तो जुना होतो म्हणजे काय होतं? या प्रश्नाला हात घातला मॅनी लेहमन या माणसानं. अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीत असताना, १९६९ च्या सुमाराला, त्यांनी कंपनीच्या कामाचा अभ्यास केला. एक मोठा प्रोग्राम वर्षानुवर्षं कसा वाढत गेला, किती जागी बदलला, याची त्यांनी मोजदाद केली. पुढे ते लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात शिकवायला गेले आणि लॅझ्लो बेलाडी या सहकाऱ्याबरोबर हा अभ्यास त्यांनी पुढे नेला. १९७४ मध्ये त्यांनी त्यातून निघालेले नियम मांडायला सुरुवात केली.

त्यांचं म्हणणं असं. काही प्रोग्राम पाढ्यासारखे असतात. दोनाचा पाढा बरोबर लिहिला की काम संपलं, तो कधी बदलणार नाही. पण जो प्रोग्राम माणसांच्या व्यवहारात वापरला जातो, पगाराचा, बँकेचा, अर्जाचा, तो जगाविषयी काहीतरी धरून चाललेला असतो. प्रत्येक गावाला ग्रामपंचायत असते, असं आमच्या अर्जाचा प्रोग्राम धरून चालला होता. जग हललं की ते धरलेलं खोटं ठरतं. प्रोग्राम जागचा हलत नाही, म्हणूनच तो बिघडतो. तेव्हा वापरातला प्रोग्राम सतत बदलत राहावा लागतो, नाहीतर तो हळूहळू निकामी होतो. हा एक नियम. दुसरा असा की, बदल करत गेलं की गुंता वाढतो आणि तो सोडवायला वेगळी मेहनत घ्यावी लागते. गोधडीला ठिगळावर ठिगळ लावत गेलं तर एक दिवस सुई आत जात नाही, तसं.

आता आपल्याकडे येऊ. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस, म्हणजे टीसीएस, ही कंपनी १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली. १९७४ च्या सुमाराला तिला अमेरिकेतल्या बरोज कंपनीचं काम मिळालं. काम काय, तर रुग्णालयाच्या हिशोबाचा एका यंत्रावर चालणारा प्रोग्राम दुसऱ्या यंत्रावर चालेल असा करून द्यायचा. नवं काही लिहायचं नव्हतं, जुनं हलवायचं होतं. त्यातलं कुठलंच यंत्र मुंबईत नव्हतं. तिसऱ्याच कंपनीच्या यंत्रावर बसून आपल्या लोकांनी ते केलं. ज्या धंद्यावर आज हिंजवडी आणि खराडी उभी आहे, त्याची सुरुवात अशी, दुसऱ्याच्या जुन्या गोधडीची शिवण उसवून पुन्हा घालण्यातून झाली.

अशा कामाला नुसते हात पुरत नाहीत, शास्त्र लागतं, हे कंपनीचे प्रमुख फकीरचंद कोहली यांनी ओळखलं. १९८१ मध्ये पुण्यात टाटा संशोधन केंद्र सुरू झालं, पुढे ते हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत आलं. पहिले संचालक ई. सी. सुब्बाराव, आयआयटी कानपूरहून आलेले. नफ्यातोट्याच्या कंपनीनं विद्यापीठासारखं संशोधन चालवायचं, ही गोष्ट त्या वेळी आपल्या देशात फार कुणी करत नव्हतं. (जाता जाता सांगतो, भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळायचं जे काम पुढे 'टाटा स्वच्छ' म्हणून बाजारात आलं, तेही याच केंद्रातलं. तूस जाळून टाकणाऱ्या आमच्या मुळशी-मावळच्या मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं.)

या केंद्रात केशव नोरी नावाचे संशोधक होते. त्याआधी सत्तरच्या दशकात ते स्वित्झर्लंडमध्ये झुरिचला होते. तिथल्या विद्यापीठात निकलाउस विर्थ यांनी पास्कल नावाची भाषा केली होती. प्रश्न असा, की प्रत्येक कंपनीचं यंत्र वेगळं, मग दर यंत्रासाठी नवा दुभाषा लिहायचा का? त्यावर झुरिचच्या गटानं एक युक्ती वापरली. एक यंत्र मनातल्या मनात कल्पायचं आणि सगळं भाषांतर त्या काल्पनिक यंत्राच्या भाषेत करायचं. मग खऱ्या यंत्रावर फक्त ती एक सोपी भाषा समजावणारा छोटा प्रोग्राम लिहिला की झालं. तमिळ बाई आणि मराठी बाई हिंदीतून बोलतात, तसंच हे. त्या कामाच्या अहवालावर लेखकांमध्ये पहिलं नाव नोरींचं आहे. एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना सगळं उसवायला लागू नये, हा विचार नोरी पुण्यात घेऊन आले. इथं पुढची अनेक वर्षं जे झालं, त्याचा गाभा तोच होता. प्रोग्राम हातानं लिहीत बसण्याऐवजी कामाचा आराखडा मांडायचा आणि त्यातून प्रोग्राम तयार करून घ्यायचा, म्हणजे जग बदललं की आराखडा बदलता येतो.

मग २००० साल जवळ आलं. १९ गाळलेल्या त्या दोन रकान्यांचा हिशोब आता द्यायचा होता. समजा, आपल्या गटानं ९८ साली कर्ज दिलं आणि ते ०१ साली फिटायचं आहे. आपल्याला कळतं, तीन वर्षं. पण नुसते दोन आकडे बघणारा कम्प्युटर ०१ मधून ९८ वजा करणार आणि म्हणणार, उणे सत्त्याण्णव वर्षं. व्याज द्यायचं कुणी कुणाला! बँका, विमा, विमानं, वीज, सगळीकडे असे प्रोग्राम, आणि त्यांत लाखो-कोट्यवधी ओळी.

तुम्ही म्हणाल, जिथं तारीख आहे तिथं चार आकडे करा. तेच तर अवघड होतं. तारखेचा रकाना दर वेळी 'तारीख' म्हणून लिहिलेला नसतो. एका डब्यातली तारीख दुसऱ्या डब्यात ओतली जाते, तिथून तिसऱ्यात, आणि तिसऱ्या डब्यावर नाव असतं 'क्ष'. डेअरीवाल्या मैत्रिणींना हे चटकन कळेल. एका कॅनमधलं दूध नासकं निघालं, तर ते कुठल्या टाकीत गेलं, टाकीतून कुठल्या पिशव्यांत गेलं, हा माग काढावा लागतो. तसा माग काढायचा, पण लाखो ओळींमधून. माणसानं करायचं तर जन्म जाईल. म्हणून प्रोग्राम वाचणारे प्रोग्राम लागतात. टीसीएसनं अशी साधनं तयार केली आणि कारखान्यासारखी रांग लावून हे काम केलं. ३१ डिसेंबर १९९९ ची रात्र आठवते का? टीव्हीवर केवढी भीती घातली होती, आणि सकाळी सगळं जागच्या जागी. तेव्हा लोक म्हणाले, उगाच बाऊ केला. आम्हाला हे ऐकून राग येतो. घर आवरलेलं असलं की कुणाला दिसत नाही, पसारा असला की दिसतो. ते घर कुणीतरी आधीची चार-पाच वर्षं आवरत होतं.

हा माग काढायचं शास्त्र मुंबईच्या आयआयटीत खोलवर शिकवलं गेलं. तिथले धनंजय धामधेरे हे कंपायलरवर काम करणारे आपल्याकडचे जुने प्राध्यापक. त्यांच्या एका मोठ्या कामाचा विषय असा: प्रोग्राममध्ये तेच गणित दोनदा होत असेल तर एकदाच कसं करायचं. ऐकायला सोपं वाटतं. वाटणाचं उदाहरण घ्या. पाहुणे आले तर मसालेभात, नाही आले तर साधा भात, पण आमटी दोन्ही वेळी. मसालेभाताला खोबऱ्याचं वाटण लागतं आणि आमटीलाही लागतं. पाहुणे आले तर आपण दोनदा पाटा धुणार का? पण पाहुणे नाही आले तर पहिलं वाटण झालेलंच नसतं, मग दुसऱ्या वेळचं सरसकट गाळूनही चालत नाही. कुठल्या वाटेनं गेलं तर काय आधीच झालेलं असेल, हे स्वयंपाक सुरू करायच्या आधी ओळखायचं. तुम्ही-आम्ही हे रोज करतो, फक्त आपल्याला त्याबद्दल पीएचडी कुणी देत नाही.

धामधेरे सरांचे विद्यार्थी उदय खेडकर. त्यांनी एम.टेक. पुणे विद्यापीठातून १९८९ मध्ये केलं, १९९४ ते २००१ पुणे विद्यापीठातच कम्प्युटर शिकवला आणि मग आयआयटी मुंबईत गेले. गुरुशिष्यांनी मिळून १९९४ मध्ये या माग काढण्याच्या शास्त्राचा एक व्यापक सिद्धान्त मांडला. २००९ मध्ये खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं या विषयावरचं पुस्तकही आलं. आम्हाला त्यांचं आणखी एक काम जास्त आवडलं. जीसीसी नावाचा एक कंपायलर आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ मध्ये सगळ्या जगाला फुकट आणि उघडा दिला. उघडा म्हणजे त्याच्या आतल्या ओळी कुणीही वाचाव्यात, सुधाराव्यात. पण वीस वर्षं जगभरच्या लोकांनी भर घातल्यावर तो एवढा वाढला, की आत शिरणाऱ्याला वाट सापडेना. लेहमन यांचा गुंत्याचा नियमच तो. आयआयटीत यासाठी खास केंद्र सुरू झालं. महाकाय जुन्या प्रोग्रामच्या आत कसं शिरायचं, कुठून वाचायला सुरुवात करायची, हे त्यांनी शिबिरं घेऊन शिकवलं. नवीन बांधणारे पुष्कळ असतात, जुन्या वाड्याच्या खोल्या दाखवणारा एखादाच.

आता मराठीकडे वळतो, कारण इथं आमच्या गटांचं खरं नुकसान झालं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था सुरू झाली, विजय भटकर तिचे पहिले प्रमुख. 'परम' या महासंगणकामुळे ती सगळ्यांना माहीत आहे. पण कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम सी-डॅकनं पुढे नेलं, ते आम्हाला अधिक मोलाचं वाटतं. कम्प्युटरला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. क म्हणजे अमुक क्रमांक, ख म्हणजे तमुक, असं सगळ्या देशानं एकच ठरवायला हवं. तसं प्रमाण १९९१ मध्ये ठरलं. त्याच सुमाराला जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी युनिकोड निघाला, त्यातली देवनागरीची मांडणी आपल्या या कामावरूनच घेतली.

पण कागदावर ठरलं म्हणून बाजारात लगेच झालं नाही. फॉन्ट करणाऱ्यांनी प्रत्येकानं आपापले क्रमांक ठेवले. पूर्वी एका गावची पायली दुसऱ्या गावात चालत नसे, तसा प्रकार. आमच्या गटांचे जुने ठराव, इतिवृत्तं, सभासदांच्या याद्या अशाच एका फॉन्टमध्ये टाईप केलेल्या होत्या. नवा कम्प्युटर आला, तो फॉन्ट त्यात नव्हता, आणि फाईल उघडली तर इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि कंस. ज्या बाईनं हयातीत पहिल्यांदा ठरावावर सूचक म्हणून नाव घातलं, तिचं नाव तिथं नुसते कंस झालं होतं.

युनिकोडही बसून राहिलेला नाही. 'ॲप', 'ॲडव्हान्स' यांतलं ॲ हे मराठीचं अक्षर त्यात स्वतंत्रपणे आलं ते २००८ मध्ये. तोवर अ ला वेगळी चंद्रकोर जोडून भागवायचं. रुपयाचं ₹ हे चिन्ह सरकारनं जुलै २०१० मध्ये स्वीकारलं. ते काढणारे उदय कुमार आयआयटी मुंबईचे. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते युनिकोडमध्ये आलं. जुन्या मोबाईलवर त्या जागी रिकामा चौकोन दिसायचा, आठवतंय? तो चौकोन म्हणजे न बदललेला प्रोग्राम.

आमच्या त्या फराळवाल्या गटाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. पाचव्या महिन्यात यादीत 'इतर' असा एक पर्याय आला. कुणी घातला, कुठं बसून घातला, कळलं नाही. 'इतर' निवडलं, धायरी हातानं लिहिलं आणि अर्ज पुढे गेला. कर्ज मिळालं, त्यातून चैत्रात कुरडया-पापड केले. तेव्हापासून नवी प्रणाली घेऊन कुणी आलं की आम्ही आधी तीन गोष्टी विचारतो. आमची माहिती उद्या यातून बाहेर काढता येईल का, ती युनिकोडमध्ये असेल का, आणि गावाची यादी बदलायची झाली तर कुणाला फोन करायचा. पहिल्या दोन्हींना लगेच हो म्हणतात. तिसऱ्याला बहुतेक जण गप्प बसतात.

जुन्या फायलींचं काम मात्र चालू आहे. एका फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणणारे प्रोग्राम मिळतात, पण अर्धा र, रफार आणि जोडाक्षरं ते हमखास चुकवतात. म्हणून दर बुधवारी दुपारी आमच्यातल्या दोघी बसतात. एक पडद्यावरचं वाचते, दुसरी हातानं लिहिलेल्या जुन्या वहीशी ताडून बघते. दोन हजार सहापर्यंतचे ठराव झाले. त्या पुढच्या एका वर्षाची वहीच सापडत नाही. ज्यांच्या घरी बैठका व्हायच्या, त्यांनी माळ्यावर एकदा बघावं.